गोपनीय पान
(विधी विद्यार्थ्यांच्या वाटाघाटी स्पर्धेसाठी तयार केलेल्या पुस्तिकेची प्रस्तावना)

कायद्याच्या बहुतेक महाविद्यालयांत अभिरूप न्यायालयासाठी, म्हणजे मूटसाठी, एक खोली राखलेली असते. उंच आसन, साक्षीदाराचा पिंजरा, काचेच्या कपाटात करंडक. वाटाघाटींसाठी अशी खोली कुठे दिसत नाही आणि तिची गरजही नाही. एक टेबल, चार खुर्च्या, नीट बंद होणारं दार आणि भिंतीवर घड्याळ एवढ्यावर भागतं. बहुधा त्यामुळेच ही स्पर्धा आयोजकांना स्वस्त आणि सोपी वाटते. मूटला जोडून दुसऱ्या दिवशी 'निगोशिएशन'ही उरकून घेऊ, असं ठरतं. कुठून तरी एक इंग्रजी प्रश्न मिळवला जातो, त्यातल्या डॉलरचे रुपये केले जातात आणि सकाळी साडेदहाला दीपप्रज्वलन होतं. दुपारपर्यंत लक्षात येतं, की निम्म्या खोल्यांतली मुलं विसाव्या मिनिटाला हात मिळवून मोकळी झाली आणि उरलेल्या खोल्यांत ती एकमेकांवर कलमं फेकत बसली आहेत.

यात दोष मुलांचा नसतो. मूटमध्ये प्रश्न फुसका असला तरी हुशार विद्यार्थी निवाड्यांच्या जोरावर वेळ मारून नेतो. वाटाघाटीत ती सोय नाही. टेबलावर बोलण्यासारखं काय आहे, झाकण्यासारखं काय आहे आणि गुण कशाला आहेत, हे सगळं आयोजकाने आधीच ठरवून टाकलेलं असतं. ही पुस्तिका या तीन गोष्टींपुरती आहे. हॉल, फलक, सन्मानचिन्हं यांच्याबद्दल तिच्यात फारसं काही नाही; ते आपल्याकडे सगळ्यांना येतं.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008च्या विधी शिक्षण नियमांत चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे आहेत. त्यांपैकी पर्यायी वाद निवारणाच्या विषयात पहिलाच घटक वाटाघाटीच्या कौशल्याचा आहे. ते कौशल्य प्रसंग उभे करून शिकवावं आणि विषय ज्येष्ठ वकिलांनी घ्यावा, असंही तिथे लिहिलेलं आहे. वर्गात बहुतेक ठिकाणी व्याख्या, प्रकार, फायदे, तोटे अशी टिपणं उतरवून घेतली जातात. परीक्षेत 'वाटाघाटीचे टप्पे लिहा' असा प्रश्न येतो आणि आयुष्यात एकदाही समोरच्या वकिलाशी आकड्यावर न बोललेला विद्यार्थी त्यात उत्तम गुण मिळवतो. स्पर्धेमुळे निदान अभ्यासक्रमात लिहिलेली गोष्ट वर्षातून एकदा घडते.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 89 आज ज्या रूपात आहे ते 1999च्या दुरुस्तीतून आलं आणि 2002 साली अमलात आलं. त्यात लवाद आहे, सलोखा आहे, लोकअदालत धरून न्यायिक समझोता आहे, मध्यस्थी आहे. थेट वाटाघाटीचं नाव नाही. तिला तिसरा माणूस लागत नाही आणि कुणाची परवानगीही लागत नाही, म्हणून ती कायद्याच्या यादीबाहेर राहिली. पण तिच्या आजूबाजूची यादी वाढते आहे. वाणिज्य न्यायालय कायद्यात 2018 साली कलम 12अ आलं आणि तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीची पायरी लागू झाली. ही पायरी सक्तीची आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली पाटील ऑटोमेशनच्या प्रकरणात सांगितलं. 2023च्या मध्यस्थता कायद्याने मध्यस्थीला 120 दिवसांची मुदत घातली. दोन्ही बाजूंच्या संमतीने ती आणखी 60 दिवस वाढते. आता मध्यस्थासमोर बसलं तरी बोलावं लागतं ते पक्षकाराला आणि त्याच्या वकिलालाच. मध्यस्थ बोलणी पुढे सरकवतो, पण देवाणघेवाण काय करायची हे त्याने सुचवावं म्हणून वाट पाहणारा वकील पक्षकाराच्या काय कामाचा? न्यायालयाने न पाठवता पक्षकारांनी आपसांत दावा मिटवला तरी कोर्ट फी परत मिळायला हवी, असंही सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली तामिळनाडूतल्या एका प्रकरणात म्हटलं आहे. खाजगी बोलण्यांना न्यायालयाने दिलेला हा मान विद्यार्थ्यांना सहसा कुणी सांगत नाही.

उद्घाटनाच्या भाषणात कुणीतरी हमखास गोतसभा आणि पंचायतीची परंपरा काढतं. माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819च्या अहवालात पेशव्यांच्या मुलखातल्या पंचायतींचं वर्णन केलं आहे आणि ते जरूर वाचावं. पण पंचायतीत निवाडा पंच देत. इथे निवाडा द्यायला कुणीच नाही, आणि नेमकी हीच गोष्ट मुलांना सगळ्यात अवघड जाते. जवळचा नमुना हवाच असेल तर तो जनावरांच्या बाजारात, रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवणाऱ्यांत शोधावा. दोघांच्याही मनात एकेक आकडा असतो आणि सौदा तुटला तर तो कुणालाच कळत नाही.

स्पर्धेचा जगभर रुळलेला साचा अमेरिकन बार असोसिएशनच्या विद्यार्थी स्पर्धेचा आहे. दोन-दोन जणांचे दोन संघ, प्रत्येक संघ एका पक्षकाराचा वकील. पक्षकार स्वतः खोलीत नसतो. वादाची सामायिक हकिकत दोघांनाही मिळते आणि प्रत्येकाला फक्त त्याच्या पक्षकाराने सांगितलेल्या गोष्टींचं एक गोपनीय पान मिळतं. बोलण्यांना 50 मिनिटं असतात. मध्ये प्रत्येक संघ एकदा पाच मिनिटं बाहेर जाऊन विचारविनिमय करू शकतो, घड्याळ चालूच राहतं. शेवटी दहा मिनिटं आत्मपरीक्षणाची. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने पॅरिसमध्ये 2006 साली सुरू केलेली स्पर्धा मध्यस्थीची आहे. तिथे अनुभवी मध्यस्थ समोर बसतो आणि विद्यार्थी पक्षकार आणि वकील अशा जोडीने येतात. आपल्या शेजारी, पणजीच्या मिरामारला, साळगावकर विधी महाविद्यालयाची 'लेक्स इन्फिनिटम' ही वाद निवारणाची स्पर्धा भरते. नव्याने सुरुवात करणाऱ्या महाविद्यालयाने मात्र अमेरिकन साचाच घ्यावा, असं माझं मत आहे. प्रशिक्षित मध्यस्थ डझनाने मिळवणं जिल्ह्याच्या गावी जमत नाही.

साचा उसना घेता येतो. प्रश्न मात्र उसना घेऊ नये. तो कसा रचायचा हे दाखवण्यासाठी पुस्तिकेतली पहिली कथा इथे थोडक्यात सांगतो. पात्रं काल्पनिक आहेत, आंबा खरा आहे.

रत्नागिरीजवळच्या एका बागायतदाराने एका कॅनिंगवाल्याशी करार केला: 20 टन हापूस, किलोला 30 रुपये, उचल तीन लाख. हंगामात अवकाळी पाऊस झाला आणि बागायतदाराने आठच टन दिला. त्याची किंमत दोन लाख चाळीस हजार. म्हणजे उचलीतले साठ हजार अंगावर राहिले. कॅनिंगवाला ते साठ हजार आणि वर चार लाख नुकसानभरपाई मागतो. बागायतदार म्हणतो, पाऊस काय माझ्या हातात होता? वाद व्यापारी ठरला तर रक्कम तीन लाखांच्या वर असल्याने कलम 12अ आडवं येतं, म्हणून दोघांचे वकील आधी भेटायचं ठरवतात. इथवर सामायिक हकिकत.

आता गोपनीय पानं. बागायतदाराचं पान सांगतं, की आंब्याचा दर चढल्यावर त्याने तीन टन माल एका फिरत्या व्यापाऱ्याला दिला. पाऊस खरा, पण सगळी तूट पावसाची नाही. पुढच्या मोहोराच्या फवारणीसाठी त्याला दिवाळीपर्यंत रोख रक्कम लागणार आहे आणि त्याआधी साठ हजार एकदम भरणं त्याला झेपणार नाही. कॅनिंगवाल्याचं पान सांगतं, की गेल्या वर्षीचे डबे अजून गोदामात पडून आहेत. तूट झाली म्हणून त्याने बाहेरून आंबा घेतला नाही आणि कुठली ऑर्डरही बुडाली नाही. त्याला खरी चिंता वेगळी आहे. कोकणच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. परदेशातला त्याचा मोठा ग्राहक आता मानांकनाखाली नोंदलेल्या बागेचाच रस मागतो आहे, तोही सलग तीन हंगाम. बागायतदाराची अशी नोंद आहे. ते प्रमाणपत्र त्याच्याकडे एका फायलीत पडलेलं आहे, आणि बागायतदाराच्या पानात ते एका ओळीत, सातबाराच्या उल्लेखाच्या आगेमागे, येऊन जातं.

हा वाद साठ हजारांवर घासाघीस करून मिटवता येतो. चार लाख ते शून्य यांच्या मधोमध कुठेतरी थांबूनही मिटवता येतो. दोन्ही संघ एकमेकांना नीट प्रश्न विचारत गेले, तर पुढच्या तीन हंगामांचा करार, त्यात बाजाराशी बांधलेला दर, फवारणीच्या वेळी नवी उचल आणि जुने साठ हजार त्या हिशोबात वळते, असं काहीतरी बाहेर येतं. मात्र उचल किती आणि दर किती, यावर तरीही ताणाताणी होतेच. ती व्हायलाच हवी. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांच्या 1981 सालच्या 'गेटिंग टू येस' या पुस्तकाने संत्र्याची गोष्ट जगभर नेली. एकीला गर हवा होता, दुसरीला साल. दोघींनी मात्र संत्रं अर्धंअर्धं केलं. प्रत्येक प्रशिक्षणात ती इतकी पिळली गेली आहे, की आता तिच्यात रस उरलेला नाही. तिचा खरा तोटा असा, की प्रश्न लिहिणारे त्याच बेताचे प्रश्न लिहू लागतात: सगळं गर आणि साल, कुठे भांडण नाही. खऱ्या पक्षकारांच्या मध्ये काही पैसे असे असतातच, की एकाच्या खिशात गेले तर दुसऱ्याच्या खिशातून जातात. चांगल्या प्रश्नात दोन्ही गोष्टी हव्यात.

गोपनीय पानात नुसता आकडा लिहू नये, हे मी पुन्हा पुन्हा सांगत असतो. 'दोन लाखांच्या खाली उतरू नका' एवढंच लिहिलं, की विद्यार्थी त्या आकड्याला कवटाळून बसतो. दोन लाख का, हे लिहावं. म्हणजे रकमेऐवजी दुसरं काही चालेल का, याचा विचार सुरू होतो. दोन्ही पानांत एकेक अडचणीचं सत्य ठेवावं. प्रश्न तयार झाल्यावर महाविद्यालयाशी संबंध नसलेल्या दोन वकिलांना बसवून तो चालवून पाहावा. वीस मिनिटांत मिटला तर तो सोपा आहे, पन्नास मिनिटांत दोघे चिडून उठले तर बहुधा दोन पानं एकमेकांशी जुळत नाहीत.

अडचणीचं सत्य ठेवायचं ते खोटेपणाचा प्रश्न टेबलावर यावा म्हणून. बागायतदाराचा वकील विचारतो, "तुमचं नेमकं नुकसान किती झालं?" डबे गोदामात आहेत हे माहीत असलेला विद्यार्थी काय म्हणेल? करार कायद्याच्या कलम 73 खाली भरपाई प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीची मिळते, म्हणून हा प्रश्न वादाच्या गाभ्याचा आहे. 'आमचा पक्षकार तीन लाखांच्या खाली येणार नाही' असं म्हणणं वेगळं आणि 'आमची ऑर्डर बुडाली' असं म्हणणं वेगळं. अमेरिकन वकिलांच्या आचारनियमांतही किंमत आणि तडजोडीचा इरादा यांबद्दलची विधानं साधारणपणे महत्त्वाच्या वस्तुस्थितीत धरली जात नाहीत. बुडालेली ऑर्डर मात्र वस्तुस्थिती आहे. आपल्याकडे तडजोड हाही एक करार आहे. कलम 17 खालचं कपट त्यात निघालं, तर कलम 19 प्रमाणे तो ज्याची फसवणूक झाली त्याच्या इच्छेवर रद्द होऊ शकतो, आणि पक्षकाराला मिटलेला वाद पुन्हा न्यायालयात भेटतो. उत्तर न देण्याची, विषय वळवण्याची, 'याबद्दल मला सूचना नाहीत' असं म्हणण्याची मुभा विद्यार्थ्याला आहे. ती कशी वापरतो ते परीक्षकांनी पाहावं. पानात नसलेली सोयीची वस्तुस्थिती जागेवर रचून सांगणाऱ्या संघाचे गुण कापावेत, आणि हे नियमावलीत ठळक छापावं. समोरच्याला वकील असेल तर त्याच्या पक्षकाराशी परस्पर बोलणी करायची नाहीत, हा बार कौन्सिलचा नियमही याच वेळी सांगून घ्यावा. पुढे तो पोटापाण्याशी येऊन भिडतो.

आता गुणांकन, म्हणजे या स्पर्धेतला मूळचा पेच. ज्या कामात दोघांचंही भलं व्हावं अशी अपेक्षा आहे, त्यात एकाला विजयी कसं ठरवायचं? जास्त पैसे आणले त्याला गुण दिले, तर मुलं अडवणूक शिकतात. तडजोड झाली म्हणून गुण दिले, तर तीच मुलं शेवटच्या पाच मिनिटांत पक्षकाराला विकून टाकतात. हे दोन्ही मी पाहिलं आहे, आणि दुसरा प्रकार जास्त वेळा. तडजोड न होणं हे अपयश नाही. पक्षकाराला न्यायालयात जाणं परवडत असेल आणि समोरून त्याहून बरं काही येत नसेल, तर उठून जाणारा वकील शहाणा. म्हणून गुणपत्रिकेत तयारी, प्रसंग पाहून आखणी बदलण्याची तयारी, निष्पत्तीने पक्षकाराचं हित किती साधलं, दोघा साथीदारांचा मेळ, समोरच्या संघाशी राखलेलं नातं, नीतिमत्ता आणि आत्मपरीक्षण असे निकष असावेत. अमेरिकन स्पर्धेत साधारण हेच निकष आहेत. माझी भर एवढीच, की गुणवारी लावताना एका खोलीतल्या दोन संघांची तुलना करण्यापेक्षा सगळ्या खोल्यांतल्या बागायतदारांची आपसांत आणि कॅनिंगवाल्यांची आपसांत तुलना करावी. समोर आडमुठा संघ आला म्हणून चांगला संघ बुडू नये, यावर मला तरी याहून बरा उपाय सापडलेला नाही.

आत्मपरीक्षणाची दहा मिनिटं वेळ कमी पडला की सर्वांत आधी कापली जातात. कापू नयेत. समोरचा संघ बाहेर गेलेला असतो आणि दोघं विद्यार्थी परीक्षकांना सांगतात, की काय ठरवून आलो होतो, काय झालं, उद्या हाच प्रसंग आला तर काय बदलू. पन्नास मिनिटं चाचपडलेला संघ इथे असं काही नेमकं बोलून जातो, की परीक्षक गुणपत्रिका पुन्हा पुढे ओढतात.

परीक्षक कोण, हा नाजूक विषय आहे. निवृत्त न्यायाधीश आले की स्पर्धेची शोभा वाढते, पण अनेकांना मध्येच प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. इथे परीक्षकाने कोपऱ्यात बसून गप्प राहायचं असतं. तालुक्याच्या न्यायालयात रोज दोन-चार प्रकरणं बोलून मिटवणारे वकील, न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रातले प्रशिक्षित मध्यस्थ, बँकेच्या वसुली विभागात वर्षं घालवलेली माणसं हे उत्तम परीक्षक होतात. त्यांना आदल्या दिवशी तासभर बसवून दोन्ही गोपनीय पानं समजावून द्यावीत. सकाळी चहा घेताना हातात दिलेलं पान कुणी वाचत नाही.

आणि भाषा. महाराष्ट्रात जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांची भाषा 1998च्या अधिसूचनेने मराठी झाली. तडजोड पुरसिस मराठीत लिहिली जाते, पक्षकार मराठीत भांडतो आणि मराठीतच नमतं घेतो. तरी स्पर्धा इंग्रजीत. त्यामुळे टेबलाशी बसलेली मुलं 'माय लर्नेड फ्रेंड' म्हणत राहतात आणि समोरच्याने काय सुचवलं ते निसटून जातं. इंग्रजी फेऱ्या असू द्याव्यात. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कार्यालयांत तीच भाषा लागते. पण निदान एक पूर्ण स्पर्धा मराठीत व्हावी, म्हणून या पुस्तिकेतल्या सगळ्या कथा मराठीत लिहिल्या आहेत. मराठी फेरीत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची, नोकरी सांभाळून शिकणारी मोठ्या वयाची मुलं-मुली पुढे येतात. ग्रामपंचायतीत, पतपेढीत, शाळेच्या कार्यालयात त्यांनी हे काम नाव न देता केलेलं असतं. 'साहेब, तुमचं बरोबर आहे, पण आमच्या माणसाचंही ऐका' या वाक्यात किती काम होतं, हे परीक्षकांनी लिहून ठेवावं. वयाची अट मात्र घालू नये.

बाकी व्यवस्थेबद्दल दोन ओळी पुरेत. गोपनीय पानं सर्व संघांना एकाच वेळी द्यावीत, एकाच महाविद्यालयाच्या दोन संघांना एका फेरीत विरुद्ध बाजू देऊ नयेत आणि स्पर्धा सुरू असेपर्यंत प्रेक्षकांना अंतिम फेरीखेरीज कुठेही बसू देऊ नये. व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यांकडे आहे. प्रत्येक फेरीला नवी कथा वापरावी.

पुस्तिकेतल्या कथा जशाच्या तशा वापरल्या तरी चालतील, पण गावं, पिकं आणि दर आपल्या भागाचे घालावेत. विदर्भात आंब्याच्या जागी कापूस आणि जिनिंग घातलं तर मानांकनाच्या जागी काय येईल, हे तिथल्या शिक्षकाने शोधायचं. शेवटची कथा दोन गावांमधल्या बंधाऱ्याच्या पाण्याची आहे. तिची गोपनीय पानं मुद्दाम अशी लिहिली आहेत, की तडजोडीला जागाच नाही. दोन्ही पक्षकारांना न्यायालयात जाणंच अधिक परवडतं. ती स्पर्धेत वापरू नये. स्पर्धा संपल्यावर पंधरवड्याने वर्गात, मुलांना काहीही न सांगता, द्यावी आणि पन्नास मिनिटांनंतर किती जोड्यांनी तरीही सही केली ते मोजावं.